जपानी टीव्हीवरचे म्युझिक शो बघायचेत? नवीन फॅनसाठी सुरुवातीपासूनचं गाइड

जे-पॉपची, म्हणजे जपानी पॉप संगीताची, गोडी आपल्याकडे बहुतेकांना अॅनिमेच्या ओपनिंगमधून लागते. मग यूट्यूबवर त्या गाण्याचा व्हिडिओ, मग त्याच बँडची बाकीची गाणी, आणि मग एक दिवस कुठेतरी अर्ध्या मिनिटाची क्लिप समोर येते, भला मोठा सेट, कोपऱ्यात गायकाचं नाव, खाली गाण्याचे शब्द सरकतायत, आणि तुमचा आवडता गायक ते गाणं रेकॉर्डिंगपेक्षा वेगळंच गातोय. हे कुठल्या शोमधलं, पूर्ण कुठे मिळेल, पुढचा एपिसोड कधी, हे शोधायला गेलात की अर्धी माहिती फक्त जपानीत, उरलेली एकेका ग्रुपच्या फॅन लोकांच्या पोस्टमध्ये विखुरलेली, आणि त्यातली पण बरीच जुनी.

मी पुण्यात जपानी शिकले, नंतर नोकरीसाठी टोकियोत राहिले, आणि हे शो घरच्या टीव्हीवर, मोबाईलवर आणि प्रेक्षकांत उभं राहून असे तिन्ही प्रकारे बघितलेत. भारतात बसून बघणारे आणि जपानला शिकायला किंवा नोकरीला जाणारे अशा दोघांसाठी हे लिहितेय, आपल्याला लागू नसलेली पायरी सरळ सोडून द्या.

काय काय लागेल

- कटाकाना ही जपानी लिपी वाचता येणं. एवढं एक केलंत तरी अर्धं काम झालं, कारण कार्यक्रमांची बरीच नावं आणि परदेशी शब्द कटाकानात असतात. दोन आठवडे रोज थोडं बसलं की येतं.
- फोनवर टोकियोचं घड्याळ लावलेलं असणं.
- आवडत्या कलाकाराचं एक्स किंवा इन्स्टावरचं ऑफिशियल अकाउंट आणि शोचं ऑफिशियल अकाउंट, दोन्ही फॉलो केलेली. यादी तिथेच पहिली येते.
- जपानमध्ये असाल तर: रेसिडेन्स कार्ड, जपानी पत्ता, जपानी फोन नंबर आणि रोज बघाल असा एक ईमेल.

१. आधी वेळेचं गणित पक्कं करा

जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे तिकडचा प्राइम टाइम आपल्या ऑफिस सुटायच्या वेळेत येतो, लोकलमध्ये किंवा बसमध्ये असतानाच शो सुरू होतो, त्यामुळे लाइव्ह अपडेट बघायचे असतील तर आधीच ठरवून ठेवा.

आता यातला सगळ्यात मोठा खड्डा. जपानी वेळापत्रकात मध्यरात्रीनंतरचे तास पुढे मोजत जातात, २४, २५, २६ असे. "शनिवार २५:३०" असं लिहिलं असेल तर तो कार्यक्रम जपानमध्ये रविवारी पहाटे दीडला आहे. नवीन लोक इथे हमखास एक दिवस चुकतात. सोपा उपाय म्हणजे त्या आकड्यातून सरळ साडेतीन वजा करायचे, २५:३० मधून साडेतीन गेले की उरले २२:००, म्हणजे भारतात त्याच शनिवारी रात्री दहा. तारखेचा विचारच करायचा नाही. (एनएचके, म्हणजे जपानची सार्वजनिक वाहिनी, मात्र साधी सकाळ-संध्याकाळवाली वेळ लिहिते, तिथे हे लागत नाही.)

दुसरी गोष्ट, जपानी टीव्हीचं वेळापत्रक एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतं. शो बंद होणं, वार बदलणं, अर्ध्या तासाचा एक तासाचा होणं, सगळं या दोन महिन्यांत. शिवाय दोन-तीन तासांचा स्पेशल असला की त्याच्या आगेमागे एखादा आठवडा सुट्टी असते. म्हणून कुठल्याही यादीतली वेळ, या लेखातली सुद्धा, त्या आठवड्याच्या वेळापत्रकाशी ताडून बघा.

२. कुठला शो कशासाठी बघायचा

सगळे शो एकसारखे नाहीत, आणि चुकीच्या शोपासून सुरुवात केली तर कंटाळा येऊन सोडून द्याल, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

म्युझिक स्टेशन. लोक याला एमस्टे म्हणतात. टीव्ही असाही या वाहिनीवर १९८६ पासून चालू आहे, आणि तामोरी हे काळा चष्मा घालणारे गृहस्थ १९८७ पासून त्याचे होस्ट आहेत. शुक्रवारी, लाइव्ह. आधी रात्री आठला असायचा, २०१९ च्या ऑक्टोबरपासून नऊला. सुरुवातीची गिटारची धून बीझ बँडच्या ताक मात्सुमोतोची आहे, आणि ती वाजली की कलाकार एकेक करून जिना उतरून येतात. नवीन गाणं बाजारात आलं की ते पहिल्यांदा टीव्हीवर इथे गायलं जायची शक्यता भरपूर. सुरुवात याच्यापासूनच करा असं मी सगळ्यांना सांगते, कारण तासाभरात आयडॉल ग्रुप, रॉक बँड, नवीन गायिका, एखादा जुना दिग्गज असं सगळं येऊन जातं. लाइव्ह असल्यामुळे काहीही होऊ शकतं. २००३ मध्ये रशियाच्या टाटू या जोडीने ऐनवेळी गायला नकार दिला, तेव्हा त्याच एपिसोडला आलेल्या थी मिशेल गन एलिफंट या रॉक बँडने पटकन उभं राहून अजून एक गाणं वाजवलं, आणि जपानी रॉकचे फॅन अजून त्या रात्रीबद्दल बोलतात.

सीडीटीव्ही लाइव्ह! लाइव्ह! टीबीएसचा. मूळचा काउंटडाउन टीव्ही १९९३ पासून रात्री उशिरा लागायचा, त्यातून मार्च २०२० मध्ये हा सोमवारचा लाइव्ह शो निघाला. याची खासियत म्हणजे गाणं पूर्ण गाऊ देतात. बाकी बहुतेक ठिकाणी गाणं कापून अडीच-तीन मिनिटांचं केलेलं असतं, दुसरं कडवं गायब, मधला गिटारचा तुकडा गायब. अख्खं गाणं ऐकायचं असेल तर इकडे या. गप्पा कमी, गाणी जास्त.

म्युझिक फेअर. फुजी टीव्ही, शनिवारी संध्याकाळी. १९६४ पासून चालू आहे आणि पहिल्यापासून शिओनोगी ही औषध कंपनी स्पॉन्सर आहे. अर्ध्या तासाचा शांत शो, आणि इथलं खरं सोनं म्हणजे दोन वेगळ्या पिढ्यांच्या कलाकारांनी मिळून गायलेली गाणी. आवाज ऐकायचाय, नाचाचे कॅमेरे नकोत, असं वाटत असेल तर हा.

उताकॉन. एनएचके, मंगळवारी आठच्या जरा आधी, बहुतेक वेळा शिबुयाच्या एनएचके हॉलमधून लाइव्ह. २०१६ मध्ये सुरू झाला. एन्का (जुन्या वळणाची, भावनेने भरलेली जपानी गाणी), कायोक्योकु म्हणजे जुनी लोकप्रिय गाणी आणि आजचं पॉप एकाच मंचावर. पॉप फॅन हा शो टाळतात आणि मला ते मनापासून खटकतं. एन्का म्हणजे किमोनोतल्या बायका आणि रडकी गाणी एवढंच डोक्यात असेल तर महिनाभर उताकॉन बघा, तो कंप घेत लांबवलेला स्वर कसा लावतात ते कानात बसलं की आजच्या पॉप गायकांच्या गळ्यातही तो कुठे कुठे सापडायला लागतो.

एट-जॅम. टीव्ही असाहीवरच, रविवारी रात्री उशिरा. २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा नाव कानजॅम होतं, २०२४ मध्ये बदललं. इथे गाण्यापेक्षा गाण्याबद्दल बोलणं जास्त असतं, संगीतकार आणि प्रोड्युसर येऊन अमुक गाण्याची कॉर्ड प्रोग्रेशन अशी का, तमुक गायक श्वास कुठे घेतो हे वाजवून दाखवतात. जपानी बऱ्यापैकी येत असेल तरच मजा येईल, पण येत असेल तर सोडू नका.

एनएचकेचा व्हेन्यू १०१ आणि एकाच कलाकाराला पूर्ण वेळ देणारा साँग्स हे पण यादीत ठेवा.

जुन्या क्लिप बघताना अजून काही नावं येतील. द बेस्ट टेन हा टीबीएसवर १९७८ ते १९८९ चालला, दर गुरुवारी लाइव्ह, आणि त्या आठवड्यातली पहिली दहा गाणी. गायक स्टुडिओत नसेल तर तो जिथे असेल तिथे कॅमेरा जायचा, सेइको मात्सुदाने हानेदा विमानतळावर विमानातून उतरून तिथेच गाणं गायलं होतं. त्याच्या होस्ट होत्या तेत्सुको कुरोयानागी, ज्यांचं तोत्तोचान आपल्याकडे मराठीत कितीतरी घरांत वाचलं गेलंय. मराठी वाचकाला त्या लेखिका म्हणून माहीत असतात, जपानमध्ये टीव्हीचा चेहरा म्हणून. तसंच हे! हे! हे! म्युझिक चॅम्प (१९९४ ते २०१२) आणि उताबान (१९९६ ते २०१०) हे गप्पा आणि टिंगलटवाळीवाले शो होते, नव्वदच्या दशकातल्या कलाकारांच्या मजेशीर क्लिप बहुतेक तिथल्याच.

३. वर्षाचं कॅलेंडर डोक्यात ठेवा

आठवड्याचे शो हुकले तरी एकवेळ चालेल, पण वर्षात दोन मोसम असे आहेत की तेव्हा प्रत्येक वाहिनी तीन-चार तासांचे, कधी त्याहून मोठे स्पेशल लावते. एक उन्हाळ्याचा, साधारण जून शेवट ते ऑगस्ट. दुसरा वर्षअखेरचा.

उन्हाळ्यात निप्पॉन टीव्हीचा द म्युझिक डे (२०१३ पासून), टीबीएसचा ओंगाकु नो ही, फुजीचा एफएनएस, टीव्ही टोकियोचा तेरेतो ओंगाकुसाई. यातला ओंगाकु नो ही २०११ साली, मार्चमधल्या भूकंप-त्सुनामीनंतर सुरू झाला, जपानला गाण्यातून धीर द्यायचा म्हणून.

वर्षअखेर तर विचारूच नका. नोव्हेंबर संपता संपता बेस्ट आर्टिस्ट, डिसेंबरात एफएनएस कायोसाई, जो १९७४ पासूनचा आहे आणि जिथे कधी एकत्र न गाणारे लोक एकत्र गातात. मग ख्रिसमसच्या आसपास म्युझिक स्टेशनचा सुपर लाइव्ह. ३० डिसेंबरला जपान रेकॉर्ड अवॉर्ड, १९५९ पासून चालू असलेला पुरस्कार, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं मिसेस ग्रीन अॅपल या बँडने घेतला. आणि ३१ ला कोहाकु, एनएचकेचा वर्षअखेरचा सगळ्यात मोठा गाण्यांचा कार्यक्रम, त्याच्यासाठी खाली वेगळी पायरी ठेवलीय.

इथला खड्डा असा की मोठ्या स्पेशलमध्ये तुमचा कलाकार कधी येणार हे माहीत नसेल तर चार तास बसून राहाल आणि नेमके पाणी प्यायला उठाल तेव्हा तो येऊन जाईल. बरेचसे स्पेशल त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी टाइमटेबल टाकतात, शोच्या साइटवर किंवा एक्सवर. त्यात नेमकं मिनिट नसतं, आठच्या टप्प्यात, नऊच्या टप्प्यात असं असतं. तेवढं पुरतं.

४. जपानमध्ये राहत असाल तर बघायचं कसं

घरात टीव्ही असेल तर अँटेनाची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावायची, चॅनेल स्कॅन करायचं, झालं. टोकियोत १ एनएचके, ४ निप्पॉन टीव्ही, ५ टीव्ही असाही, ६ टीबीएस, ७ टीव्ही टोकियो, ८ फुजी. पण हे नंबर टोकियोचे. ओसाकात टीबीएसचे कार्यक्रम ४ वर आणि टीव्ही असाहीचे ६ वर लागतात, निप्पॉन टीव्हीचे १० वर. छोट्या प्रीफेक्चरमध्ये (म्हणजे प्रांतांत) तर सगळी नेटवर्क नसतातच, मियाझाकीत खासगी वाहिन्या दोनच आहेत. कॉलेज किंवा नोकरी अशा ठिकाणी लागली असेल तर तिथे कुठलं नेटवर्क दिसतं ते आधी बघा, नाहीतर शुक्रवारी नऊला टीव्ही लावाल आणि भलताच कार्यक्रम चालू असेल.

टीव्ही नसेल तर टीव्हर हे अॅप. फुकट आहे, २०१५ पासून आहे, खासगी वाहिन्यांचे कार्यक्रम साधारण आठवडाभर ठेवतात आणि बरेचसे लाइव्ह पण दिसतात. फक्त जपानमधूनच चालतं. लक्षात ठेवा, म्युझिक शोच्या बाबतीत टीव्हरवर सगळं असेलच असं नाही, एखाद्या कलाकाराचं गाणं कापलेलं असतं, किंवा अख्खा स्पेशलच नसतो. कारण टीव्हीवर दाखवायचे हक्क वेगळे, इंटरनेटवर ठेवायचे वेगळे, आणि त्यात गाणं लिहिणारे, रेकॉर्ड कंपनी, कलाकाराची एजन्सी सगळ्यांची परवानगी लागते. म्हणून खरंच महत्त्वाचा एपिसोड असेल तर "नंतर बघू" म्हणू नका, लाइव्ह बघा नाहीतर रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंगसाठी जपानी टीव्हीला मागून यूएसबी हार्डडिस्क जोडता येते, दुकानात टीव्ही-रेकॉर्डिंगवाली म्हणून मागा. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या, त्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग त्याच टीव्हीशी बांधलेलं असतं. दुसऱ्या टीव्हीला किंवा लॅपटॉपला लावलं तर दिसत नाही, टीव्ही बिघडला तर रेकॉर्डिंग पण गेलं. कायम ठेवायचं असेल तर ब्लू-रे रेकॉर्डर घ्या आणि डिस्कवर उतरवा. आणि परत येताना तो टीव्ही भारतात आणायचा विचार सोडून द्या, तिकडची वीज १०० व्होल्टची आणि टीव्ही सिग्नलची पद्धत पण वेगळी.

एनएचकेची फी. टीव्ही घरात आला की एनएचकेशी करार करावा लागतो, तो कायदा आहे. साध्या वाहिन्यांची फी ऑक्टोबर २०२३ पासून महिन्याला १,१०० येन, सॅटेलाइटसकट १,९५०. ऑक्टोबर २०२५ पासून एनएचके वन ही ऑनलाइन सेवा आली, घरात टीव्ही नसला आणि फक्त त्यावर बघत असाल तरी करार लागतो. विद्यार्थ्यांसाठी माफीच्या तरतुदी आहेत, कॉलेजच्या ऑफिसात विचारा. फी टाळायचे सल्ले देणारे बरेच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, कारण पुढे कोहाकुचा पास हवा असेल तर हाच करार कामाला येतो. आणि जपान सोडताना करार रीतसर बंद करून निघा, तो आपोआप बंद होत नाही.

५. भारतात किंवा बाकी जगात असाल तर

खरं सांगायचं तर सगळे शो सरळ मार्गाने बघता येत नाहीत. जे मिळतं ते असं.

एनएचके वर्ल्ड प्रीमियम ही परदेशातल्या जपानी लोकांसाठीची पैसे भरून घ्यायची वाहिनी आहे, त्यावर कोहाकु लाइव्ह असतो. तुमच्या देशात ती कोण देतं हे एनएचकेच्या साइटवर देशानुसार दिलेलं असतं. हिची आणि एनएचके वर्ल्ड जपान या फुकटच्या इंग्रजी वाहिनीची गल्लत करू नका, नावं जवळपास सारखी आहेत, पण त्या इंग्रजी वाहिनीवर तुम्हाला नेहमीचे जपानी म्युझिक शो सापडणार नाहीत. अमेरिका-कॅनडात असाल तर जेमी नावाची सेवा आहे, जुन्या टीव्ही जपानच्या जागी आलेली.

बाकी मग वाहिन्यांची आणि कलाकारांची ऑफिशियल यूट्यूब चॅनेल. क्लिप छोट्या असतात, काही थोड्या दिवसांनी काढून टाकतात, म्हणून नोटिफिकेशन चालू ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी आणि ३१ डिसेंबरला "फुल शो लाइव्ह" म्हणून ज्या लिंका फिरतात त्यांच्यापासून लांब राहा. क्रेडिट कार्ड मागणाऱ्या, अॅप डाउनलोड करायला लावणाऱ्या, सगळ्या. कोहाकु बघायला कुणी अनोळखी साइट पैसे मागत असेल तर बंद करा आणि पुढे चला.

६. कोहाकु: एक दिवस राखून ठेवा

कोहाकु उता गास्सेन म्हणजे लाल आणि पांढऱ्या संघांची गाण्याची लढत. लाल संघात गायिका, पांढऱ्यात गायक, शेवटी निकाल. पहिला कार्यक्रम ३ जानेवारी १९५१ ला रेडिओवर झाला, १९५३ च्या डिसेंबरपासून टीव्हीवर ३१ तारखेच्या रात्री. १९६३ साली याचं रेटिंग ८१.४ टक्के होतं. आता तेवढं नाही, २०२३ मध्ये दुसऱ्या भागाचं ३१.९ टक्के झालं, तरी आजही इथे पहिल्यांदा बोलावणं आलं की कलाकार पत्रकार परिषदेत रडतात, आईवडिलांना आधी फोन केला म्हणून सांगतात.

वेळ: जपानमध्ये संध्याकाळी ७:२० ते रात्री ११:४५. भारतात दुपारी ३:५० ते रात्री ८:१५. लंडनला सकाळी १०:२० ला सुरू, न्यूयॉर्कला पहाटे ५:२० ला. मध्ये पाच मिनिटं बातम्या असतात, आपल्याकडचे ५:२५, तेव्हा चहा टाका. ३१ तारीख कामाच्या दिवशी येत असेल तर अर्धी रजा आधीच टाका.

तयारी नोव्हेंबरपासून करायची. साधारण महिन्याच्या मध्याला कलाकारांची यादी येते. निवड करताना त्या वर्षीचं काम, लोकांचा पाठिंबा आणि कार्यक्रमाच्या कल्पनेला साजेसं असणं असं तीन गोष्टींवर करतात, हे एनएचकेच सांगते. म्हणजे नुसत्या स्ट्रीमिंगच्या आकड्यांवर जाऊन "अमुक का नाही" म्हणून भांडत बसू नका. डिसेंबरात कोण कुठलं गाणं गाणार ते येतं, आणि अगदी शेवटी गाण्यांचा क्रम. हा क्रम छापून किंवा लिहून जवळ ठेवा. शेवटी गाण्याच्या जागेला तोरी म्हणतात, ती सगळ्यात मानाची.

एक फॅन म्हणून काय बघायचं ते पण सांगते. सगळं काही एनएचके हॉलमध्ये होत नाही. २०१८ ला केन्शी योनेझु तोकुशिमाच्या ओत्सुका कला संग्रहालयातून गायला. २०२३ ला आडो क्योतोच्या हिगाशी होंगानजी मंदिरातल्या 'नो' या पारंपरिक जपानी नाटकाच्या मंचावरून गायली, नेहमीसारखाच चेहरा न दाखवता. आणि २०२१ ला गायक फुजिई काझे आधी ओकायामातल्या आपल्या घरी पियानोवर बसलेला दाखवला, सगळ्यांना वाटलं गाणं तिथूनच होणार, आणि मग तो थेट कार्यक्रमाच्या मंचावर अवतरला. सिंहगड रोडवरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ज्यांना माहीत आहे त्यांनी लक्षात ठेवा, तेच हे ओकायामा. कपड्यांचं म्हणाल तर साचिको कोबायाशीच्या जुन्या कोहाकुच्या क्लिप शोधा, तिचे ते पोशाख पोशाख नव्हतेच, मजलाभर उंचीचे सेट होते.

आणि कृपा करून फक्त आपल्या ग्रुपची तीन मिनिटं बघून बंद करू नका. एन्का गायक गात असताना मागे कोण कोण नाचतंय, निकाल लागल्यावर कोण काय बोलतं, शेवटी सगळे मिळून होतारु नो हिकारी हे निरोपाचं गाणं गातात तेव्हा कोण कोणाशेजारी उभं आहे, हे सगळं बघण्यासारखं असतं.

७. प्रेक्षक म्हणून जायचं असेल तर

जपानमध्ये असाल तर हे नक्की करून बघा. तिकीट नसतं, पैसे लागत नाहीत, पण सोडत असते आणि लागण्यापेक्षा न लागणंच जास्त. जपानीत याला कानरान बोश्यू म्हणतात, शोच्या साइटवर हेच शोधा.

उताकॉनसारख्या एनएचकेच्या कार्यक्रमांचा अर्ज एनएचकेच्या साइटवर भरायचा. कोहाकुचा अर्ज साधारण शरद ऋतूत निघतो आणि तो एनएचकेची फी भरणाऱ्यांसाठीच असतो, वर सांगितलं ते याच्यासाठी. हॉलमध्ये साधारण ३,६०० जागा आणि मागणारा अख्खा देश, त्यामुळे लागला तर भाग्य. म्युझिक स्टेशन, सीडीटीव्ही वगैरे खासगी शोंसाठी बऱ्याचदा कलाकाराच्या फॅन क्लबमधून प्रेक्षक घेतात, म्हणून ज्याला बघायचंय त्याच्या फॅन क्लबचं सभासद असणं हाच खरा रस्ता.

लागणाऱ्या गोष्टी: रेसिडेन्स कार्ड किंवा पासपोर्ट (मूळ, फोटो चालत नाही), सोडत लागल्याचा ईमेल किंवा पास, फॅन क्लबमधून जात असाल तर सभासद क्रमांक दाखवता येईल असा फोन, पूर्ण चार्ज केलेला.

आणि इथले खड्डे मात्र नीट वाचा, आपल्या लोकांचे पास इथेच अडकतात.

नाव. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आणि रेसिडेन्स कार्डवर ते जसंच्या तसं उतरतं. अर्ज भरताना तुम्ही फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं, आणि दारावर ओळखपत्रात तीन नावं निघाली, की तिथला माणूस गोंधळतो. कार्डवर आहे तसंच पूर्ण लिहा. रकान्यात मावत नसेल तर आधी ईमेल करून विचारा आणि ते उत्तर सोबत न्या. कटाकानातलं नाव बँकेत जसं लिहिलंय तसंच सगळीकडे लिहा, दर वेळी वेगळं नको.

फॉर्म. काही रकान्यांना रुंद अक्षरं लागतात, काहींना अरुंद. जपानी कीबोर्डवर हे दोन प्रकार वेगळे असतात, आणि पत्ता अगदी बरोबर असून फॉर्म पुढेच जात नाही तेव्हा दहातल्या नऊ वेळा हेच कारण असतं. लाल अक्षरातली सूचना वाचा, त्यात लिहिलेलं असतं.

ईमेल. मोबाईल कंपनीचा ईमेल दिलात तर बाहेरचे मेल अडवले जातात. शोचं डोमेन आधीच परवानगीच्या यादीत घाला, स्पॅम रोज बघा. काही शो दोन-तीन दिवस आधी कळवतात आणि त्याच दिवशी होकार मागतात.

पास दुसऱ्याला देणं किंवा विकणं. करू नका, घेऊ पण नका. दारावर ओळखपत्र बघतात आणि नाव जुळलं नाही की परत पाठवतात.

आत गेल्यावर फोन बंद. शो सुरू व्हायच्या आधी एक जण येऊन कधी टाळ्या, कधी शांतता हे शिकवतो, त्याचं ऐका. लाइटस्टिक आणि नावाचे पंखे चालतील का हे शोगणिक वेगळं, मेलमध्ये लिहिलेलं असतं. काही ठिकाणी तास न् तास उभं राहावं लागतं तर बूट साधे घाला, मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि आधी रेकॉर्ड करून नंतर दाखवायचा शो असेल तर प्रसारण होईपर्यंत कोण काय गायलं हे कुठेही लिहायचं नाही, स्टोरीत सुद्धा नाही. यावर ते लोक फार कडक असतात आणि बरोबरच आहे.

८. आणि स्वतः गायचंच असेल तर

एनएचकेचा नोदोजिमान हा हौशी लोकांचा शो १९४६ पासून आहे, आधी रेडिओवर होता. रविवारी दुपारी सव्वाबाराला, आपल्याकडे सकाळी पावणेनऊला, दर वेळी वेगळ्या गावातून. गाणं झालं की घंटा वाजते, चांगलं गायलात तर घंटांची लांब सरी, नाहीतर एक किंवा दोनच ठोके. आजी-आजोबा, शाळेतली मुलं, मासेमार, नर्सेस सगळे येतात, आणि जपानमध्ये राहणारे परदेशी पण. आदल्या दिवशी शनिवारी निवड फेरी असते, त्यातून थोडेच जण रविवारी मंचावर जातात, म्हणून दोन्ही दिवस मोकळे ठेवा. तुमच्या राहत्या भागाजवळ कधी आहे ते एनएचकेच्या साइटवर बघा आणि मुदतीआधी अर्ज भरा. अर्जात हे गाणं का निवडलं हे लिहावं लागतं. तिथे "मला जे-पॉप खूप आवडतं" असलं सगळ्यांसारखं लिहू नका, ते गाणं कुठे पहिल्यांदा ऐकलं, कोणासाठी गायचंय, ते दोन-तीन साध्या जपानी वाक्यांत लिहा, एखाद्या जपानी मित्राकडून तपासून घ्या, आणि आपल्या पट्टीत बसेल असंच गाणं निवडा, कारण निवड फेरीत प्रत्येकाला फार थोडा वेळ मिळतो.